तळहातावरची लाल गाडी

माझ्या धाकट्या भावाने शिमग्याला मुंबईहून आणलेली ती परदेशी बस खोक्यातून बाहेर निघाली, तेव्हा मला सगळ्यांत आधी दिसलं ते तिचं दार. ते उजव्या बाजूला होतं. म्हणजे आमच्या पोलादपूरच्या स्टँडवर ती थांबली तर उतारू उतरणार भर रस्त्यात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कारण बाकी तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. दिवे लागत होते, वळताना पिवळा दिवा मिचकत होता, आतल्या खुर्च्यांवर माणसंसुद्धा बसवलेली होती, आणि हे सगळं मिळून माझ्या तळहातावर मावत होतं. मी म्हटलंही, "दार उलट्या बाजूला आहे हिचं." कुणी ऐकलं नाही. शेजारच्या बायका दिवे बघण्यात गुंग होत्या.

मी जळकी आहे. भावाच्या बाबतीत तर जरा जास्तच. लोकांना हे लपवता येतं, मला येत नाही. माझं तोंडच सांगतं.

आमचे अप्पा एसटीचे ड्रायव्हर. महाड डेपोत सगळी नोकरी काढली, आणि त्यातली बरीच वर्षं महाबळेश्वरच्या फेरीवर, आंबेनळी घाटात. सुट्टीत आम्ही दोघं भावंडं आईबरोबर त्यांच्या गाडीने जायचो. भाऊ कायम पुढे, अप्पांच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर घडी घातलेल्या गोधडीवर. मी मागे. मधे जाळी. मी जाळीला धरून उभी राहायची, आई ओढून खाली बसवायची, मी पुन्हा उठायची. एकदा विचारलं होतं मी, मला कधी बसवणार पुढे म्हणून. अप्पा म्हणाले, "पोरीला इंजिनावर बसवत नायत." झालं. त्यावर अपील नव्हतं. आज मी पंचेचाळिशी ओलांडली, महाडच्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळते, आणि अजून ती गोधडी आठवली की माझ्या पोटात दुखतं.

अप्पांच्या डोक्यात गाड्यांच्या दोनच जाती. एक "माजी गाडी", बाकी सगळ्या लोकांच्या. माजी गाडी म्हणजे नेहमीच्या फेरीवर त्यांच्या ताब्यात असलेली लाल गाडी. तिला ते दर शनिवारी स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची बांधायचे. आई म्हणायची, स्टँडवर बांधून मिळते की विकत. त्यांना ते चालत नसे. लोखंडी तार घ्यायची, आधी लिंबू, मग मिरच्या, आणि पुढच्या बंपरला गाठ. कधी दुसऱ्याची गाडी चालवायची पाळी आली तर मात्र ते तिला हात लावायचे नाहीत. आई एकदा म्हणाली, "आजच्या गाडीला नाय बांधलीत ती." तर म्हणाले, "ती माजी नाय. जेची गाडी तेनं बांदायची." भावाने स्वतःची चारचाकी घेतली तेव्हाही अप्पांनी पेढे खाल्ले, गाडीभोवती एक फेरी मारली, पण बांधली नाही. पोराची गाडी ती.

आता अप्पांचे दोन्ही गुडघे गेलेत. पोलादपूरच्या घरात पडवीपर्यंत येतात, तेवढंच. त्यात हायवे चौपदरी झाला आणि आमच्या घरासमोर रस्त्याचा भराव भिंतीसारखा उभा राहिला. पूर्वी पडवीतून महाबळेश्वरकडे वळणाऱ्या गाड्या दिसायच्या. आता नुसते हॉर्न. अप्पा हॉर्नवरून सांगतात कुठली गाडी आणि ती वळली की सरळ गेली. खरं-खोटं करायला आम्ही कुठे जातोय भिंतीपलीकडे.

मोबाइलवर एकदा एक व्हिडिओ दिसला. टेबलावर छोटं गाव, छोटे रस्ते, आणि त्यावर बोटाएवढ्या गाड्या आपापल्या धावतायत. खाली रूळ नाहीत, काही नाही. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. युक्ती साधी आहे. रस्त्याच्या पोटात लोखंडी तार पुरायची. गाडीच्या पुढच्या चाकांना खालून एक लहानशी दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकाला लोहचुंबक. चुंबक तारेला सोडत नाही. तार वळली की दांडी वळते, दांडी वळली की चाकं वळतात. ढकलायला मागे एक मोटर. बस्स. मला वाटलं, घाट आणूया घरात.

अप्पांच्या खोलीत एक जादा खाट होती. तिच्यावर प्लायवूड टाकलं. थर्माकोल आणि कागदाच्या लगद्याचे डोंगर केले. स्लॅबच्या सळ्या बांधायची तार असते ना, ती मऊ असते, ती सरळ करून प्लायवूडमध्ये आणि डोंगरांवर खाचेत बसवली आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रस्ता रंगवला. एका टोकाला पोलादपूर स्टँड, मग कापडे गाव, मग घाट, आणि वर टोकाला एक गोल वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने खाली. कुडपणचं पठार मी एका कोपऱ्यात उगाच उंच करून ठेवलं, कारण आईचं माहेर तिकडचं आणि तिने विचारलं असतं.

रस्ता सोपा. गाडी अवघड. लाल गाडी बाजारात मिळते ती खेळण्याची, मोठी आणि बिनमोटारीची. मला हवी होती ती करावीच लागणार होती. मोटर निघाली एका मेलेल्या सीडी प्लेअरमधून, दातेरी चाकं बंद पडलेल्या खेळण्यातून, बॅटरी माझ्या नवऱ्याच्या फुटक्या इअरफोनमधून. टायरसाठी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे काप. पहिली गाडी चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसली. मागे वजन पाहिजे होतं. सावित्री नदीवर जाळी टाकणाऱ्याकडून शिशाच्या दोन गोळ्या आणल्या, ठोकून चपट्या केल्या आणि मागच्या चाकांच्या वर चिकटवल्या. मग चढली. दांडीला सैलपणा किती ठेवायचा यावर मात्र माझे कितीतरी रविवार गेले. जास्त सैल ठेवली की गाडी झिंगल्यासारखी चालते, घट्ट केली की वळतच नाही.

लाल रंग कुठेच मनासारखा मिळेना. शेवटी महाडला बांगड्यांच्या दुकानात नखं रंगवायच्या बाटलीत मिळाला. दुकानदारीणबाईंनी माझ्याकडे आणि बाटलीकडे आलटून पालटून बघितलं. मी काही खुलासा केला नाही.

हे सगळं कशासाठी, तर अप्पांसाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. खोटं नव्हतं ते. पण मला एक गोष्ट हवी होती आणि ती मला पक्की माहीत होती. ती गाडी घाट चढताना बघून अप्पांनी म्हणावं, माजी गाडी. छान आहे, हुशार आहेस, हे नको होतं. हे दोन शब्द हवे होते, जे भावाच्या चारचाकीलाही मिळाले नव्हते.

अप्पा काय म्हणाले, तर "बरी हाय."

दर रविवारी गाडी चालायची. अप्पा खाटेवर पाय लांब करून बघायचे. "कापड्याच्या पुडं वळण येवडं सरळ नाय गो," म्हणाले, मी रस्ता उकरून पुन्हा केला. "हितं चढाला गाडी जरा रडते," म्हणाले, मी गोळी थोडी मागे सरकवली. मग म्हणाले, "आता बरी हाय." आणि त्यापुढे लगेच, "पोराचा फोन आला काय?"

पोराचा फोन आला. व्हिडिओवर त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, क्या बात है. ही सिस्टीम बाहेर रेडी मिळते, माहितीये? थांब, मी एक मागवतोच." मी म्हटलं, कशाला. तो म्हणाला, "अगं, अप्पांसाठी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोर्ड माझा, तार माझी, घाट माझा, आणि हा त्यावर आपली गाडी चालवणार. पुन्हा पुढे हाच बसणार.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी पोलादपूरला आले. गाडी चार्ज करून, चाकं पुसून ठेवली. अप्पा म्हणाले, "र्‍हाऊ दे माज्याजवळ." मी त्यांच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी आईबरोबर पुरणाच्या गडबडीत होते, खोलीकडे फिरकलेही नाही. गावाची पालखी घरात येऊन गेली, ओटी भरून झाली, आणि पालखीबरोबर आलेल्यांतले निम्मे लोक मागेच थांबले, कारण भावाने खोकं उघडलं होतं. अप्पांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

त्याची बस आधी निघाली. स्टँडवरून सुटली, कापडं मागे टाकलं, वळणाला पिवळा दिवा मिचकवला आणि मेली काय सुरेख चढली. आवाज नाही, झोल नाही. मी मनात म्हणत होते, पड, पड. वरचा वळसा घेऊन ती खाली आली आणि स्टँडवर बरोबर थांबली, ते दार रस्त्याच्या बाजूला करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा म्हणाले, "झ्याक हाय रे."

झ्याक. मला इतके महिने बरी, आणि याला पहिल्याच फेरीला झ्याक.

"आता ताईची," भाऊ म्हणाला, मोठ्या मनाने. अप्पांनी उशाशी ठेवलेली माझी गाडी उचलून स्वतःच्या हाताने पुढे केली. मी ती रस्त्यावर ठेवली, बटण सरकवलं. गाडी निघाली, पहिल्या वळणाशी आली आणि वळलीच नाही. सरळ गेली आणि दरीत. मला वाटलं, नीट ठेवली गेली नसेल. पुन्हा ठेवली. पुन्हा सरळ, पुन्हा दरीत. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारची एक मावशी म्हणाली, "घरी केलेलं ते घरीच केलेलं ना शेवटी." समजूत घालत होती बिचारी. भाऊ वाकून बघत म्हणाला, "ताई, लोड जास्त झालाय बहुतेक. टेन्शन नको घेऊस, अप्पांना बघायला माझी आहेच ना." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते. अप्पांकडेही बघितलं नाही. गाडी उचलली आणि स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर गाडी उलटी केली. दांडी हलवून बघितली तर हलेना. जाम. काल लोण्यासारखी फिरत होती. चष्मा वर करून डोळ्याजवळ नेली, तेव्हा दिसलं. पुढच्या बंपरखालून काहीतरी आत ओढलं गेलं होतं आणि चुंबकाला घट्ट चिकटून बसलं होतं. नखाने ओढून काढलं. एक टाचणी होती, वाकवून आकडा केलेली. म्हणजे कुणीतरी चुंबकाजवळ मुद्दाम लोखंड अडकवलं होतं. मला पहिला संशय कुणाचा आला असेल ते सांगायला नकोच. डोळ्यांपुढे लाल झालं. मी हातात टाचणी घेऊन तशीच तरातरा खोलीत गेले, एवढ्या लोकांसमोर.

"हे कुणी केलं?"

भाऊ म्हणाला, "काय झालं?" त्याचं तोंड कोरं होतं. त्याचं तोंड लहानपणापासून कोरंच असतं, मी त्याला भुलणार नव्हते. मी टाचणी त्याच्या नाकासमोर धरली. "हे. माझ्या गाडीखाली. ही कशी आली?"

"मी बांदलीय," अप्पा म्हणाले.

मी टाचणीकडे बघितलं. आत्ता कुठे नीट बघितलं. टाचणीवर लिंबाच्या सालीचा मुगाएवढा गोल तुकडा ओवलेला होता. त्याच्याखाली हिरव्या मिरचीच्या सालीचे बारीक बारीक काप, एकावर एक. सगळ्यांत खाली कोळशाचा कण.

आई दारातून म्हणाली, "सकाळपासून तेच चाललंय तेंचं. टाचणी दे, मिरची दे, ही जाड हाय, दुसरी दे. दोनदा हातातून पडलं तं माज्यावरच वरडले. मी म्हटलं तुमाला दिसत नाय, मी ओवते. तं नको म्हणाले."

बाहेरच्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नसेल. गाडीला लिंबू-मिरची कोण बांधत नाही. पण आम्हा घरच्यांना नियम माहीत होता. मला माहीत होता, आईला माहीत होता. आणि भावाला माहीत होता. त्याने आपली बस स्टँडवरून उचलली, उलटी केली, बंपरखाली बघितलं. मग अप्पांकडे बघून तो हसला, जरा मोठ्यानेच.

"अप्पा, माझ्या गाडीला नाही बांधलीत?"

"ती तुजी हाय रे," अप्पा म्हणाले. "तुज्या गाडीला तू बांद. ही माजी हाय."

ऐकलं मी. नीट ऐकलं. खोलीभर लोक होते म्हणून, नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे. त्याऐवजी मी नाक पुसलं आणि आईकडून काळा दोरा मागितला. लोखंड चुंबकाजवळ चालत नाही हे अप्पांना समजावून सांगितलं. "मग माजी गाडी पडली ती माज्यामुळंच व्हय," असं म्हणून ते स्वतःवरच चरफडले. मी टाचणी काढून टाकली, लिंबू-मिरची दोऱ्यात ओवली आणि होती तिथेच, पुढच्या बंपरला बांधली. गाडी रस्त्यावर ठेवली. ती पहिलं वळण वळली. दुसरं वळली. कापड्याच्या पुढच्या त्या उकरून केलेल्या वळणावर जराशी रडली आणि चढली. लिंबू-मिरची पुढे हलत होती. मी भावाच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड मला ओळखीचं होतं, जाळीच्या मागे मी तेच घेऊन उभी असायची. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला फार बरं वाटलं.

लोक गेले. भाऊ मात्र खाटेशी उकिडवा बसून माझी गाडी वर-खाली जाताना बघत राहिला. त्याची स्वतःची बस हातात होती, दिवे लागलेलेच.

"अप्पा, घाटात पुढे मीच बसायचो ना?" तो म्हणाला. एवढं तरी त्याच्याकडे असावं, असं काहीसं त्याच्या आवाजात होतं.

"तूच बसायचास," अप्पा म्हणाले. नजर गाडीवर. "ही मागं उभी र्‍हायची, जाळीला धरून. आरशात दिसायची मला. सगळा घाट उभी. वळण आलं की अंग तिकडं टाकायची, गाडी जशी हीच चालवतेय. मी आरशात बघायचा आनि हसायचा."

मी दारात ताटं घेऊन उभी होते. मी हललेच नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि आत्ताही ते मला सांगत नव्हते, त्याला सांगत होते.

"आणि मी?" भावाने विचारलं.

"तू झोपायचास."

"काय सांगता?"

"मग? कापडं मागं पडलं की तुजी मान पडायची. इंजिन गरम, गोधडी मऊ. घाट कधी बघितलायस तू?"

मला हसू फुटलं. इतकी वर्षं मी ज्या जागेसाठी जळत होते त्या जागेवर हा माणूस घोरत होता. मी ताटं खाली ठेवून हसले. भाऊही हसला, कानकोंडा होऊन. मला वाटलं, संपलं, मी जिंकले.

अप्पांचा हात मात्र आपोआप वर आला होता, पुढे, आडवा, छातीएवढ्या पोराच्या उंचीला, जणू कुणाला तरी मागे दाबून धरलंय. "पडू नये म्हून असा धरायचा तुला," ते म्हणाले. "एक हात चाकावर आनि एक तुज्यावर. गियर टाकायला काडायचा, टाकला की परत तुज्यावर. सगळा घाट."

माझी गाडी वरच्या वळशाला पोचली होती. मी तिच्याकडे बघायचं सोडून त्या हाताकडे बघत होते. आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.